मानेवरचा 'मळ' आणि मेदातील दाह

"डॉक्टर, याच्या मानेवरचा मळ कितीही घासला तरी निघत नाही," असे सांगत गेल्या वर्षी एक माता आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. बेसन, दही, लिंबू असे सर्व उपाय करून झाले होते. मान घासून लाल झाली होती. काळी, किंचित मखमली वळी मात्र तशीच. तो मळ नव्हताच. रक्तातील इन्सुलिन दीर्घकाळ वाढलेले राहिले की त्वचेच्या वळ्यांतील पेशी फोफावतात. अकॅन्थोसिस निग्रिकन्स ती हीच.

मुलगा लठ्ठ दिसत नव्हता. हात-पाय काटकुळे, पोट तेवढे पुढे. उंची १४२ सेंटिमीटर, कमरेचा घेर ७८, म्हणजे उंचीच्या निम्म्याहून अधिक. एचबीएवनसी ५.९ टक्के. ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था होय. त्याची जुनी फाइल उघडली तो माझेच अक्षर समोर आले. जन्मवजन २.१ किलो, आणि खाली सल्ला, "वजन वाढवा. दुधात साखर, वरणभातावर तूप अधिक." आलेखावरील रेषा वर सरकत गेली तसतसा मीही आईइतकाच आनंदित होत गेलो होतो.

मेद ही शरीराची निष्क्रिय कोठी आहे, असे आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो. १९९३ साली बोस्टनच्या संशोधकांना स्थूल उंदरांच्या मेदात टीएनएफ-अल्फा हे दाहकारक द्रव्य आढळले आणि ते इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते असे दिसले. २००३ मध्ये उलगडले की फुगलेल्या मेदात मॅक्रोफेज या भक्षक पेशी मोठ्या संख्येने शिरतात. मेदपेशी प्रमाणाबाहेर फुगली की तिला रक्तपुरवठा अपुरा पडतो, काही पेशी मरतात, भक्षक पेशी त्यांच्याभोवती कडे करतात आणि दाहकारक द्रव्ये स्रवू लागतात. पोटातील मेदाचे रक्त थेट यकृताकडे जाते. यकृत सीआरपी वाढवते. ताप नाही, वेदना नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखा हा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतून साखर आवरते. ते थकू लागले की मधुमेहपूर्व अवस्था उघडी पडते.

योगायोग असा की त्याच १९९३ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५. आपल्या बालकांत स्नायू कमी भरले. त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून राहिला. हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा, सरासरी बीएमआय २० च्या खाली असूनही, मुलग्यांत सुमारे ३७ व मुलींत १८ टक्के मधुमेहपूर्व अवस्थेत होती. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातील मेद मात्र डॉ. युडकिन यांचा ९.१ टक्के, डॉ. याज्ञिकांचा २१.२. 'मी कुठे जाड आहे?' असे विचारणाऱ्या प्रत्येक मराठी गृहस्थाला ते छायाचित्र दाखवावे असे मला नेहमी वाटते.

आता हृदयाविषयी. धमनीतील अडथळ्याची भीती सर्वांना असते; दाहाचा हृदयस्नायूवरील परिणाम मात्र दुर्लक्षित राहतो. हृदयातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर या दाहाने बिघडते, तेथील नायट्रिक ऑक्साइड घटते, स्नायू ताठर होत जातो. शिवाय हृदयावर साचणारा मेद आणि हृदयस्नायू यांच्यामध्ये पडदाच नसतो. परिणामी आकुंचन उत्तम राहते, बिघडते ते सैलावणे. इकोमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के आले की रुग्ण निर्धास्त होतो आणि आपणही. परंतु जिना चढताना लागणाऱ्या धापेचे कारण कित्येकदा या सैलावण्यातच असते. स्थूल मुलांच्या इकोमध्येही डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड झालेली आणि सैलावणे मंदावलेले आढळू शकते. दिलाशाची गोष्ट ही की बालवयात हे बदल पुष्कळ अंशी मागे फिरू शकतात.

म्हणून माझ्या टेबलावर आता वजनकाट्याइतकाच मान मोजपट्टीला आहे. सहा वर्षांवरील मुलाची कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी. कमी वजनाच्या बालकाचे वजन वाढवायचे नाही असे मुळीच नाही. पण ते डाळी, दूध, अंडी यांनी आणि सावकाश वाढावे. आपल्या बडोद्यात रविवारचा फाफडा-जिलबी आणि संध्याकाळची शेव-उसळ ही सुटणार नाहीत, हे मी अनुभवाने जाणतो (माझीही सुटलेली नाहीत). नवरात्रात मुले तासन् तास गरबा खेळतात. प्रश्न उरलेल्या साडेतीनशे दिवसांचा आहे. प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या गावी मुलाला मल्लखांब दाखवायलाही पालकांना सवड नसावी, याचे मात्र वाईट वाटते.

त्या मुलाला मी उपाशी ठेवले नाही. शीतपेये बंद केली, रात्रीचे जेवण लवकर आणि संध्याकाळी तासभर मैदान. आठ महिन्यांनी तो आला तेव्हा वजन जवळजवळ तेच, उंची चार सेंटिमीटरने अधिक, कंबर ७२. मानेचा काळेपणा किंचित फिका. सोबत आलेल्या आजी मात्र माझ्यावर नाराज होत्या. "डॉक्टरसाहेब, पोर किती वाळलंय हो," त्या म्हणाल्या, "काहीतरी टॉनिक लिहून द्या."