सर्वांचा काका, चेऊलचा डेव्हिड

आडनावांचा पाठ आला की मी वर्गात एक खोडी काढतो. फळ्यावर पाच आडनावे लिहितो. दिवेकर, किहीमकर, पेणकर, राजपूरकर, चेऊलकर. आणि विचारतो, “सांगा पाहू, ही मंडळी कोण?” वर्गात गिरगावपासून लालबाग-परळपर्यंतची मुले असतात. कोणी म्हणते सीकेपी, कोणी पाठारे प्रभू, कोणी आगरी. एक धीट मुलगा म्हणाला, “सर, शेवटचे नक्की आमच्यातले!”

मग मी पुरती नावे लिहितो. सॅम्युएल इझिकेल दिवेकर, ज्याने १७९६ साली मांडवी भागात मुंबईतले पहिले यहुदी प्रार्थनामंदिर बांधले. हाइम सॅम्युएल किहीमकर, आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारा. जोसेफ डेव्हिड पेणकर, ज्याच्या नाटकावरून १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट निघाला आणि आमच्या गिरगावातल्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. डॉ. एलायजा मोझेस राजपूरकर, १९३७ चे मुंबईचे महापौर. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. आणि पाचवा, डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

पाचव्या नावाला वर्ग गप्प असतो. मी म्हणतो, “अरे, ‘गोलमाल’मधले डॉक्टर केदारमामा!” लगेच गलका होतो. तो बुटका, टकलू, हसऱ्या डोळ्यांचा माणूस कोणाला ठाऊक नाही? पण तो चेऊलकर, घरात मराठी बोलणारा, हे ठाऊक नसते. मलाही नव्हते. लहानपणी आमच्या चाळीत रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवरचा चित्रपट बघायला सगळे बिऱ्हाड जमले होते. डेव्हिड पडद्यावर आला, तशी आजोबांनी सुपारी कातरता कातरता सांगितले, “हा आपल्या चौलचा बरं का!” मला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. पडद्यावरचा माणूस तर ख्रिस्ती होता.

(डेव्हिडला मी एकेरीत संबोधतो आहे, त्याचा राग मानू नये. ज्या नटावर माया जडते त्याला मराठी माणूस अहो-जाहो करीत नाही.)

चेऊल म्हणजे अलिबागजवळचे चौल. परंपरा अशी सांगतात की, फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे हे वंशज, बेने इस्रायल. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे धरले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. भाषा मराठी, आडनाव गावाचे, शब्बाथ मात्र आपला. पुढे ही मंडळी नोकरीधंद्यासाठी मुंबई-ठाण्याकडे सरकली. डेव्हिड ठाण्याचा.

गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजातून १९३० साली तो बी. ए. झाला. कायद्याची पदवीही त्याने घेतली. त्या काळी एवढ्या शिक्षणावर माणसाला चांगली खुर्ची मिळावी. पण दिवस जागतिक मंदीचे होते आणि डेव्हिडला सहा वर्षे धड नोकरी मिळाली नाही. ज्या घरात पदवीधर मुलगा रोज सकाळी भांग पाडून बाहेर पडतो आणि संध्याकाळी तसाच परत येतो, त्या घराची कळा आपल्या वाचकांना निराळी सांगायला नको. अखेर जानेवारी १९३७ मध्ये नयमपल्ली या जुन्या चरित्रनटाच्या ओळखीने तो मोहन भवनानींच्या ‘झांबो’ या बोलपटात शिरला.

नायक होण्याजोगे त्याच्याकडे काय होते? उंची नाही. केस असून नसल्यासारखे. देह मात्र कसलेला. व्यायामाचा त्याला मोठा नाद, आणि वजन उचलण्याच्या खेळाच्या संघटनेचे काम त्याने वर्षानुवर्षे हौसेने केले. पडद्यावरचा हा गोंडस काका कुस्तीगिरांच्या जातीचा होता, हे कोणाला खरे वाटेल?

‘बूट पॉलिश’ १९५४ साली आला. राज कपूरची निर्मिती, प्रकाश अरोरांचे दिग्दर्शन. झोपडपट्टीतली दोन पोरकी भावंडे, त्यांना मारून भिकेला धाडणारी काकू, आणि शेजारी चोरटी दारू विकणारा लंगडा जॉन चाचा. हा जॉन चाचा मुलांना सांगतो की, हात पसरू नका, हाताने काम करा. स्वतः बेकायदा धंदा करणाऱ्याने असा उपदेश करावा, हे एखाद्याच्या तोंडी ढोंगी वाटले असते. डेव्हिडच्या तोंडी वाटत नाही, कारण तो उपदेशकाच्या सुरात बोलतच नाही. आपल्याला जे जमले नाही ते या पोरांना जमावे, अशा आर्जवाने बोलतो. मुठीत काय आहे म्हणून मुलांना विचारणारे ते गाणे आजही शाळांच्या स्नेहसंमेलनात वाजते. आणि तुरुंगातले दुसरे गाणे, ज्यात टकल्या कैद्यांचा मेळा ढगांना आळवतो! मन्ना डे यांचा शास्त्रोक्त गळा आणि डेव्हिडचे तुळतुळीत डोके. आपल्या वैगुण्यावर इतक्या मोकळेपणी हसणारा नट मी दुसरा पाहिला नाही.

या भूमिकेबद्दल १९५५ साली त्याला सहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक त्याच वर्षी सुरू झाले होते. मौज अशी की, सहाय्यक अभिनेत्रीचे पहिले पारितोषिक ‘बादबान’मधल्या उषा किरण यांना, म्हणजे आपल्या उषा मराठे यांना मिळाले. दुय्यम भूमिकांचे पहिले दोन्ही मान मराठी बोलणाऱ्या घरांत आले. याची नोंद आपण ठेवली का?

पुढे शंभरावर चित्रपट झाले. फिल्मफेअरच्या समारंभांत सूत्रसंचालक म्हणून तो व्यासपीठावर उभा राहू लागला. १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली. ती जंत्री देत बसत नाही. मला त्याच्या उतारवयातल्या भूमिका जास्त बोलक्या वाटतात. ‘सत्यकाम’मध्ये तो रुस्तुम आहे. ‘खट्टा मीठा’मध्ये सोली, जो म्हातारपणी दोन पारशी संसार एकत्र जोडायला निघतो. ‘बातों बातों में’ या १९७९ च्या चित्रपटात तो टॉम काका, जो लोकलच्या डब्यात एका मुलाची आणि मुलीची ओळख घालून देतो. त्याच वर्षीच्या ‘गोलमाल’मध्ये बेकार तरुणाला नोकरीची वाट दाखवणारा मामा. पाहा, हा गृहस्थ सदा कोणाचे तरी जमवून देत असतो! आपल्याकडे लग्नात मध्यस्थ असतो ना, तसा. जेवणाच्या पंगतीत त्याचे पान कडेला. पण तो नसता तर पंगतच बसली नसती. आणि केदारमामाने रामप्रसादला नोकरीची बातमी दिली, तेव्हा ती बातमी सांगणाऱ्याने स्वतः सहा वर्षे तशा बातमीची वाट पाहिली होती, हे आता मला विसरता येत नाही.

पारशी झाला, ख्रिस्ती झाला, हिंदू घरांतला मामा झाला. मला आठवतात त्या भूमिकांत मात्र चेऊलकर नावाचा माणूस एकदाही भेटत नाही. ज्या भाषेत तो घरी बोलला, ती त्याच्या कीर्तीला फारशी उपयोगी पडली नाही. आणि आम्ही मराठीचे प्राध्यापक! परप्रांतात गाजलेल्या मराठी माणसांच्या याद्या आम्ही आनंदाने करतो, आणि मुंबईतच राहिलेला हा माणूस केवळ नावामुळे यादीबाहेर राहतो.

डेव्हिडने लग्न केले नाही. १९८१-८२ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या टोरोंटो शहरी तो वारला. त्याच्या समाजातली बहुतेक घरे तोवर इस्रायलला गेली होती. तिकडे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

यंदा हा पाठ झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी थांबली. अलिबागची. म्हणाली, “सर, आमच्या घरामागेच इस्रायल आळी आहे. रोज तिथूनच जाते. नावाचा अर्थ कधी विचारलाच नाही.” मी विचारले, आता तिथे त्यांची घरे किती? ती बोटांवर मोजू लागली. एका हाताची बोटे पुरली.