गल्लीतलं मांजर रोडावतंय? आधी बघा, ते खातंय का

मोठ्या मांजराचं वजन साधारण ४ किलो. त्यातले ४०० ग्रॅम गेले तरी आपल्या लक्षात येत नाही, पण ६० किलोच्या माणसाचे ६ किलो जावेत तसं ते असतं. पाठीचा कणा दिसायला लागतो तोवर बराच उशीर झालेला असतो.

त्यामुळे पहिला प्रश्न: ते खातंय का?

खाऊनही वाळत असेल तर आधी संशय जंतांचा. पिसवा आणि उंदीर, दोन्हींमधून चपटे जंत पोटात जातात. मोंढ्यातल्या, गोदामांतल्या मांजरांचं पोट तर उंदरांवरच चालतं. शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे तुकडे दिसले तर तेच. वय झालेल्या मांजरात थायरॉईड किंवा मधुमेहही असू शकतो. खाण्याजवळ येतं, हुंगतं आणि मागे फिरतं? मग हिरड्या किंवा दात दुखत असतील, लाळ गळतेय का बघा.

अजिबातच खात नसेल तर वाट बघू नका. दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर यकृतात चरबी साचायला लागते आणि त्यानेच जीव जाऊ शकतो.

घरातली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही नको. एका गोळीने मांजर मरू शकतं. 'दूध पाजा' हा सोशल मीडियावरचा लाडका सल्लाही सोडा. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात.

जालना जिल्ह्यात जायचं कुठे? तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात. तिथलं रोजचं काम गायी-म्हशी, शेळ्यांचं, म्हणून मांजर आणतोय हे आधी सांगा. १९६२ या टोल फ्री नंबरवरही विचारा, पण फिरती गाडी मांजरासाठी येईलच असं धरून चालू नका. मोठ्या तपासण्यांसाठी शेजारच्या परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

हाताला लागत नसेल तर त्याचा चालतानाचा, खातानाचा व्हिडिओ काढा आणि ताजी विष्ठा स्वच्छ डबीत न्या. डॉक्टरांना त्यावरूनही बरंच कळतं. पकडायचंच असेल तर उंदराचा पिंजरा पुरत नाही, मोठा लागतो. दोन-तीन दिवस दार उघडं बांधून त्यातच खायला ठेवा, सवय झाली की दार लावा. वरून चादर टाका, मांजर शांत होतं. पिंजरा उन्हात ठेवू नका.

चावलं किंवा ओरखडलं तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा.