नेटस्टॅटच्या दिवसांतलं बंगळूर

14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चे मोफत अपडेट थांबले आणि बंगळूरच्या मराठी घरांतले जुने लॅपटॉप लिनक्सवर येऊ लागले. मग ठरलेला प्रश्न येतो, "काका, यावर अँटीव्हायरस कुठला टाकू?" प्रश्न रास्तच आहे. झोंबतं ते उत्तर: "लिनक्सला व्हायरस लागत नाही, निर्धास्त राहा." असं सांगणारे भक्त वीस वर्षांपूर्वीही होते आणि तेव्हाही ते अर्धंच खरं सांगत.

नव्वदच्या दशकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डायल-अप सारखं तुटायचं, तीच सुरक्षा. 1996मध्ये बंगळूरच्या अतुल चिटणीसांच्या पुढाकारानं पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी वाचकांच्या हाती आली, एवढी नोंद पुरे.

खरा काळ 2001 ते 2012. जानेवारी 2001मध्ये लिनक्सच्या 2.4 कर्नलसोबत आयपीटेबल्स ही फायरवॉल आली आणि त्याच महिन्यात रामेन नावाचा वर्म रेड हॅट 6.2 आणि 7.0च्या यंत्रांत शिरला. एफटीपी, छपाई असल्या घरी न लागणाऱ्या सेवांमधल्या भोकांतून तो आत आला. त्याच वर्षी लिनक्स बंगळूर परिषद सुरू झाली, 2005पासून तिचं नाव फॉस डॉट इन झालं. त्या वर्तुळात नवख्याला पहिला सल्ला असायचा: नेटस्टॅट चालव, कुठले पोर्ट उघडे आहेत ते बघ. नको त्या सेवा बंद कर. मग बाहेरून येणारं सगळं ड्रॉप, आपण मागवलेलं तेवढं आत. नियम हातानं लिहावे लागत, म्हणून ते कळत.

बंगळूरच्या संगणक बाजारात, एस. पी. रोडवर मात्र कुठल्याही दुखण्याला अँटीव्हायरसची सीडी हेच औषध. आमच्या लिनक्सवरचं अँटीव्हायरस, क्लॅमएव्ही, मुख्यतः विंडोजचेच व्हायरस पकडायचं. मेल सर्व्हरला ते उपयोगी, घरी शोभेला.

2008च्या उबंटूत फायरवॉल सोपी करणारं यूएफडब्ल्यू आलं, काम एका कमांडवर आलं. पण ते बंद अवस्थेत येतं, आजही. बहुतेकांना वाटतं, चालू असेल.

2012ला शेवटची फॉस डॉट इन भरली, जून 2013मध्ये चिटणीस गेले. ती मंडळी आता क्लाउडच्या नोकऱ्यांत आहेत; घरचं यंत्र कुणी बघत नाही. जुलै 2025मध्ये आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या सॉफ्टवेअर भांडारात फायरफॉक्सच्या नावानं दूरनियंत्रणाचं मालवेअर आलं. अशा वेळी फायरवॉल काय करणार? दार आपणच उघडलेलं असतं आणि बाहेर जाणाऱ्याला ती सहसा अडवत नाही.

तेव्हा यूएफडब्ल्यू आजच चालू करा, राउटरचा मूळ पासवर्ड बदला, अपडेट टाळू नका आणि अनोळखी माणसानं दिलेली कमांड प्रशासकाचे हक्क देणारं सूडो लावून चिकटवू नका. क्लॅमएव्ही हवं तर ठेवा. तुमचा पेनड्राइव्ह नेणाऱ्या विंडोजवाल्या शेजाऱ्याचं भलं होईल.