वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी मर्सिडीज घ्यावी का? आधी कागदपत्रे, मग गंज, शेवटी इंजिन

नवी दिल्ली : अनेक वर्षे गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, मोजकेच किलोमीटर धावलेली आलिशान मोटार कमी किमतीत मिळत असेल, तर मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र मोटारीची हानी केवळ वापराने होत नाही. दीर्घकाळ एका जागी उभे राहिल्यानेही होते. त्यामुळे खरेदीची किंमत हा बहुधा एकूण खर्चाचा पहिला हप्ता ठरतो.

मर्सिडीज-बेंझची ‘डब्ल्यू १२४’ श्रेणीतील ई २२० हे याचे बोलके उदाहरण. कंपनीने १९९५ मध्ये पुण्यात याच श्रेणीपासून भारतातील उत्पादनास प्रारंभ केला. आज ही मोटार संग्राहकांना प्रिय असली, तरी कायद्याने ती ‘विंटेज’ नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार प्रथम नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या व मूळ स्वरूप राखलेल्या बिगर-व्यावसायिक वाहनांनाच तो दर्जा मिळतो. तीस वर्षांच्या मोटारीला सर्वसामान्य वाहनांचेच नियम लागू होतात.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. त्यामुळे आरसी, चासी व इंजिन क्रमांक, कर्जाचा बोजा आणि थकीत कर यांची पडताळणी आधी करावी. मूळ मालक हयात नसल्यास वाहन वारसाच्या नावावर झाले आहे का, हेही पाहावे. दिल्ली परिसरात जुन्या वाहनांवर न्यायालयीन निर्बंध असून त्यांत वेळोवेळी बदल झाले आहेत; तेथे मोटार घेताना किंवा नेताना सद्यःस्थिती परिवहन कार्यालयातून जाणून घ्यावी.

त्यानंतर पाहायचा तो गंज. वरचा रंग चकाकत असला, तरी जॅक लावण्याच्या जागा, चाकांवरील पत्रा आणि गालिच्याखालील तळ तपासणे आवश्यक आहे. या श्रेणीच्या १९९० च्या दशकातील अनेक मोटारींत इंजिनच्या वायरिंगचे आवरण ठिसूळ होऊन गळून पडते, हा परिचित दोष आहे.

विक्रेत्याने ‘सुरू करून दाखवतो’ म्हटले, तरी घाई करू नये. जुने पेट्रोल चिकट होऊन इंधनमार्ग तुंबवते; ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते; रबरी सील सुकतात. आधी टाकीतील पेट्रोल व इंजिन ऑइल बदलावे, स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे आणि इंजिन हाताने फिरते का, ते पाहावे. टायरची नक्षी शाबूत असली, तरी त्यावरील चार अंकी संकेत वाचावा : ‘२३०९’ म्हणजे २००९ चा २३ वा आठवडा. इतका जुना टायर बदलावाच लागतो.

इंजिन, ब्रेक आणि टायर पैसे खर्चून पूर्ववत करता येतात. कुजलेला सांगाडा सावरणे बहुतेकदा मोटारीच्या किमतीहून महाग पडते, तर न जुळणारा चासी क्रमांक कोणताही मेकॅनिक दुरुस्त करू शकत नाही. या दोहोंपैकी एक दोष आढळला, तरी सौदा कितीही स्वस्त असो, माघार घेणेच हिताचे.