मेदाम्लांवरून जीवाणूंची ओळख

सुरतेच्या स्वारीवर जाताना छत्रपती शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारजवळच्या शिरपामाळावर पडला होता, असे सांगतात. अशा माळावरील चिमूटभर मातीतही कोट्यवधी जीवाणू नांदत असतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर त्यांतील कित्येक एकसारखेच दिसतात. काही गोल, तर काही काडीसारखे. मग पिकाला उपकारक कोणता आणि रोग पसरविणारा कोणता, हे ओळखावे कसे?

प्रत्येक जीवाणूच्या पेशीभोवती एक पातळ पटल असते. त्यातील स्निग्ध पदार्थांत मेदाम्ले असतात. मेदाम्ल म्हणजे मुख्यतः कार्बनच्या अणूंची साखळी. काही साखळ्या लांब, काही आखूड. काही सरळ, तर काहींना फाटा फुटलेला. कोणते मेदाम्ल किती असावे, याचे प्रमाण निरनिराळ्या जीवाणूंत निरनिराळे असते. हीच त्यांची खूण होय.

ती खूण वाचण्यासाठी प्रथम जीवाणू वाढवितात. मग कॉस्टिक सोड्याबरोबर तापवून, साबण करताना होते त्याप्रमाणे, त्यांतील मेदाम्ले मोकळी करतात. मेथिल अल्कोहोलाशी संयोग घडविला की ती सहज वायुरूप होतात. गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राच्या लांब, बारीक नळीतून ती एकामागून एक बाहेर पडतात आणि आलेखावर उंच-सखल शिखरे उमटतात. हा आलेख माहीत असलेल्या जीवाणूंच्या आलेखांशी ताडून पाहतात. १९६३ सालीच शास्त्रज्ञांनी या यंत्राने जीवाणूंचे वर्गीकरण करता येईल, असे दाखवून दिले होते.

मात्र येथे सावधगिरी हवी. थंडीत तूप थिजते, पण शेंगदाण्याचे तेल पातळच राहते. कारण दोहोंतील मेदाम्ले वेगळी असतात. जीवाणूही थंडीत आपले पटल थिजू नये म्हणून मेदाम्लांचे प्रमाण बदलतात. म्हणून तुलना करावयाचे जीवाणू एकाच अन्नावर व एकाच तापमानात वाढवावे लागतात. शिवाय अगदी जवळच्या जातींची मेदाम्ले फारच सारखी असतात. तेथे डीएनएची तपासणीही करावी लागते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी खारट व अल्कधर्मी आहे. त्यातील एका जीवाणूची अशी सर्वांगांनी परीक्षा झाली. त्याची मेदाम्ले व डीएनए तपासल्यावर तो सर्वस्वी नवा ठरला आणि २०१० साली त्याला ‘इंडिबॅक्टर अल्कलिफिलस’ हे नाव मिळाले. नुसत्या रूपावरून जे कळत नाही, ते अंतरंग तपासल्याने कळते.