श्वास सोडताना

शाळेत मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. श्वसनसंस्थेचा धडा आला की मुलांना उभे करून सांगायचो, "छाती भरून श्वास घ्या, म्हणजे रक्तात भरपूर ऑक्सिजन जाईल आणि डोके शांत होईल." या सांगण्यात मोठी गफलत होती, हे कळायला निवृत्ती आणि एक वाईट अनुभव यावा लागला.

पत्नी गेल्यानंतर रात्री अडीच-तीनला दचकून जाग येई. छातीवर कोणी बसल्यासारखे वाटे. डॉक्टरांनी तपासून हृदय ठीक असल्याचे सांगितले. मग एका परिचिताच्या आग्रहाने श्वासाच्या शिबिराला गेलो. अंधाऱ्या खोलीत, मोठ्या आवाजातल्या संगीताबरोबर तासभर जलद आणि खोल श्वास घ्यायचा होता. थोड्याच वेळात ओठ बधिर झाले, बोटांना मुंग्या आल्या आणि दोन्ही पंजे आखडून आत वळले. मी हमसून हमसून रडलो. साठलेले दुःख बाहेर पडते आहे, असे तिथे सांगण्यात आले आणि मलाही ते पटले. ती रात्र मात्र नेहमीपेक्षा वाईट गेली.

पंजे का वळले, हा प्रश्न माझ्यातल्या मास्तराला स्वस्थ बसू देईना.

उत्तर शरीरशास्त्राच्या जुन्या पुस्तकांतच होते. निरोगी माणूस साधा श्वास घेत असतानाही त्याच्या धमन्यांतल्या रक्तातले हिमोग्लोबिन ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? जलद श्वासाने खरा फरक पडतो तो कार्बन डायऑक्साइडमध्ये. हा वायू म्हणजे शरीराचा निव्वळ केरकचरा, असे आम्ही मुलांच्या मनावर ठसवत आलो. प्रत्यक्षात विश्रांतीच्या वेळी श्वास किती घ्यायचा हे मेंदू मुख्यतः त्याच्याच प्रमाणावरून ठरवतो. हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी ते १९०५ मध्येच दाखवून दिले होते. तो गरजेपेक्षा जास्त बाहेर गेला की रक्ताची आम्लता घटते आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. शिवाय, ख्रिस्तियान बोर या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये दाखवल्याप्रमाणे, अशा रक्तात हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट धरून ठेवते. म्हणजे हवा जास्त घेतली आणि मेंदूला ऑक्सिजन कमी मिळाला! याच बदलामुळे रक्तातले मोकळे कॅल्शियमही कमी होते, म्हणून मुंग्या येतात आणि स्नायू आखडतात. माझे रडणे खोटे नव्हते. पण पंजे वळले ते कॅल्शियममुळे, दुःखामुळे नव्हे.

ग्रोफ दाम्पत्याने १९७०च्या दशकात अमेरिकेत रुजवलेली 'होलोट्रॉपिक' पद्धत याच जातीची. आपल्याकडे मात्र असे काहीही 'प्राचीन भारतीय' म्हणून खपते. जलद श्वास हठयोगातही आहे, भस्त्रिका आहेच. पण तिथे थोडी आवर्तने झाली की थांबायचे असते, तासभर भाता ओढायचा नसतो. चुकीच्या प्राणायामाने उचकी, दमा, खोकला, डोकेदुखी, कानाडोळ्यांच्या वेदना होतात, असा इशारा 'हठप्रदीपिके'ने दिलेलाच आहे. सिंह किंवा हत्ती जसा हळूहळू माणसाळवतात तसा वायू वश करावा, असेही त्यात म्हटले आहे.

मला खरा धक्का दिला तो लोणावळ्याने. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये तिथे कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांना प्रयोगशाळेत नेणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक. प्राणायामात आत-बाहेर होणारे वायू त्यांनी मोजले. त्यांचा निष्कर्ष असा, की प्राणायामाचे मोल जादा ऑक्सिजनमध्ये नाही. ते मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आहे. मी वर्गात उलटे शिकवत होतो तेव्हा हे छापून कित्येक दशके झाली होती, तेही माझ्याच राज्यात.

हे वळण कसे लागते? स्वतःची नाडी धरून पाहा. श्वास घेताना ती किंचित जलद होते, सोडताना मंदावते. हृदयाला लगाम घालणारी व्हेगस ही नस उच्छ्वासाच्या वेळी अधिक प्रभावी असते. म्हणून उच्छ्वास लांबवला की लगाम अधिक वेळ ओढलेला राहतो. पतंजलींच्या पहिल्या पादातले चौतिसावे सूत्र या दृष्टीने मी पुन्हा वाचले आणि थबकलो. चित्त प्रसन्न करण्याच्या उपायांत तिथे श्वास बाहेर सोडणे आणि रोखणे यांचा उल्लेख आहे. आत घेण्याचा स्वतंत्र उल्लेखच नाही.

श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला की हृदयगती आणि रक्तदाब यांची लय जुळते. इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी यांनी सहकाऱ्यांसह २३ जणांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्हींनी श्वास जवळजवळ त्याच गतीवर आला आणि रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक सक्षम झाली. माझ्या आजीच्या जपमाळेला कोणी यंत्र लावले नव्हते, पण संध्याकाळी ओसरीवर तिचे ओठ हलत ती संथ चाल मला आठवते. २०२३ मध्ये स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी शंभरेक लोकांना महिनाभर, रोज पाच मिनिटे, श्वासाचे वेगवेगळे प्रकार करायला दिले. दोनदा श्वास घेऊन लांबवर सोडलेल्या उसाशाने मनःस्थितीत सर्वाधिक सुधारणा दिसली. उसासे टाकू नकोस म्हणून घरोघरी मुलींना दटावले जाते, ते आठवून हसू आले.

मात्र 'भावनिक उपचार' हा शब्द मी जपून वापरीन. संथ श्वासाने शरीरातली घबराट उतरते, इतके म्हणायला आधार आहे. जुना आघात त्याने बरा होतो असे म्हणायला नाही. काहींना तर श्वासाकडे लक्ष देताच धास्ती वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत किंवा सरळ थांबावे. अपस्मार, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी जलद श्वासाच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. आणि निराशा आठवडे-महिने हटत नसेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जायला हवे. मीही गेलो, उशिरा का होईना.

जाग अजून येते. उशाला टेकून बसतो, नाकाने चार आकडे श्वास घेतो, सहा आकडे सोडतो. छाती भरण्याची खटपट करत नाही. पाचेक मिनिटांत छातीवरचे ओझे उतरते, ती नसल्याचे उतरत नाही. मग कधी झोप लागते. नाहीच लागली तर उठून चहा करतो; आधण अजूनही दोन कपांचेच ठेवले जाते.