गाठ तेवढीच, मग औषधाचा गुण कसा ओळखावा?

अन्नपूर्णा मंदिराच्या परिसरातील एका व्यापारी स्नेह्यांच्या घरी यकृताच्या कर्करोगाचा अहवाल आम्हांस दाखविण्यात आला. दोन महिने औषध घेऊनही गाठीचे माप जैसे थे. घरावर शोककळा पसरलेली. जाणत्या डॉक्टरांकडून आम्ही जे समजावून घेतले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

पुढच्या अवस्थेतील या रोगावर सोराफेनिब औषधाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. गाठ लक्षणीय आक्रसली ती शंभरांत अवघ्या दोघांची. तथापि मध्यक आयुर्मान 7.9 महिन्यांवरून 10.7 महिन्यांवर गेले. गोदाम बाहेरून तेवढेच दिसावे आणि आतील माल घटलेला असावा, तसा हा प्रकार.

गोदामात डोकावण्याचे काम पेट तपासणी करते. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी ती अधिक ओढून घेतात व चित्रात उजळतात. उपचारापूर्वीचे व नंतरचे चित्र ताडून पाहिले की उजेड मंदावला किंवा कसे ते कळते. पहिले चित्रच नसेल, तर आरंभीची शिल्लक न मांडता वही तपासण्यासारखे होय.

हा माल मोठा नाशवंत! दर 110 मिनिटांनी त्याचे तेज निम्मे होते. मुंबईस परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विभागात 2002 साली देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाले. तेथून निघालेला माल दहा तासांच्या मोटारप्रवासात चाळिसाव्या हिश्शाइतकाही उरणार नाही. आता ही तपासणी इंदुरातच होते, हे बरे.

परंतु यकृताची गोष्ट न्यारी. इतरत्र ही साखर पेशीत शिरली की अडकून पडते. यकृतात तिला सोडविणारे विकर असते, आणि निरोगी पेशींशी साम्य राखणाऱ्या गाठींतही ते टिकून राहते. त्यामुळे जवळजवळ निम्म्या गाठी उजळतच नाहीत. पहिल्याच चित्रात काळोख असेल, तर नंतरच्या काळोखास यश मानू नये. तेथे कॉन्ट्रास्ट देऊन काढलेला सीटी वा एमआरआयच प्रमाण. गाठीचा रक्त खेळता भाग तेवढाच मोजण्याची रीत 2010 पासून रूढ झाली आहे.

आमच्या स्नेह्यांची आरंभी पेट तपासणी झालेलीच नव्हती. डॉक्टरांनी दोन्ही सीटी शेजारी ठेवून रक्त खेळता भाग मोजला. तो घटला होता. औषध चालू ठेवले आहे.